मुळे विरुद्ध मुले

आमचं आडनाव मुळे. निदान नागपूरपर्यंत तरी होतं. १९५६ साली आजोबा बाडबिस्तरा घेऊन जबलपूरला आले, तेव्हा पितळी बंब, पाटा-वरवंटा, लोणच्याच्या बरण्या आणि आजी असं सगळं सामान सुखरूप पोचलं. फक्त ‘ळ’ पोचला नाही. तो बहुधा इटारसीला गाडी बदलताना फलाटावरच राहिला असावा. हिंदीच्या रोजच्या कारभारात या अक्षराला जागा नाही. त्यामुळे आमच्या आळीतल्या काळ्यांचे काले झाले, गोळ्यांचे गोले झाले आणि आम्ही मुळे होतो ते मुले झालो. साठीतला पेन्शनर माणूस मी, पण सरकारदरबारी आजही बहुवचनी मूल आहे.

आजोबा स्वतःहून आले नव्हते. त्यांना कोर्टानं आणलं. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची नवी वाटणी झाली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, जबलपूर मध्य प्रदेशात राहिलं. राजधानीच्या पाटावर भोपाळ जाऊन बसलं आणि रुसलेल्या जबलपूरच्या वाट्याला हायकोर्ट आलं. जानेवारी १९३६ पासून नागपुरात नांदणारं ते हायकोर्ट. त्याचे मुख्य न्यायमूर्ती हिदायतुल्ला नव्या हायकोर्टाचेही पहिले मुख्य न्यायमूर्ती झाले, आणि त्यांच्या मागून दफ्तरं, कपाटं, पेशकार, टंकलेखक आणि शेवटी आमचे आजोबा आले. लोक कोर्टाच्या पायी घर सोडतात असं म्हणतात, ते आमच्या घराण्यात अक्षरशः घडलं.

जबलपूर स्टेशनवर उतरल्या उतरल्या हमालानं विचारलं, ‘‘काय बड्डे?’’ आजोबांना भरून आलं. परक्या मुलखात पहिलाच शब्द ‘काय’! त्यांनी त्याच्याशी अस्सल वऱ्हाडीत सामानाचा भाव केला. तो हसत ऐकत राहिला आणि दुप्पट पैसे घेऊन गेला. बुंदेलीतही ‘काय’ असतो, तो ‘का रे बाबा’ अशा अर्थाचा असतो, आणि ‘बड्डे’ म्हणजे इथला दादा-भाऊ, हे त्यांना आठवड्याभरानं कळलं. परप्रांतात फसवणूक परक्या शब्दांनी होत नाही. ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांनी होते.

याचा प्रत्यय मला बाबा गेल्यानंतर आला. घर त्यांच्या नावावर होतं, ते आईच्या आणि माझ्या नावावर करायचं होतं. नागपूरकडे याला वारसनोंद किंवा फेरफार म्हणतात. इथे शब्द आहे नामांतरण. आता मराठी माणसाला नामांतर म्हटलं की मराठवाडा विद्यापीठ आठवतं. मी खिडकीवर जाऊन सांगितलं, ‘‘नामांतरण कराना है, और हो सके तो मुले का मुळे भी कर दीजिए.’’ खिडकीमागचे गृहस्थ शांतपणे म्हणाले, ‘‘नामांतरण में नाम नहीं बदलता, मालिक बदलता है. नाम बदलने की खिड़की अलग है.’’ मग त्यांनी माझा अर्ज जवळ धरला, लांब धरला, चष्मा पुसला आणि ‘ळ’वर बोट ठेवून विचारलं, ‘‘ये आठ आड़ा क्यों पड़ा है?’’

कागद पसरले तेव्हा आमच्या घरात एक नव्हे, पाच घराणी नांदत होती. आजोबांच्या नागपूरच्या सर्व्हिसबुकात मुळे. घराच्या रजिस्ट्रीत मूले. बाबांच्या मृत्यूच्या दाखल्यावर मुले. माझ्या आधारवर मुलय, कारण मूळ इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटी वाय होता आणि संगणकानं त्याचा मान राखला. समग्र आयडीत (मध्य प्रदेशात ही आयडी नसेल तर माणूस नुसता दिसतो, असत नाही) आम्ही सगळे मूली. बाबा आयुष्यभर मुळ्याची कोशिंबीर आवडीनं खायचे, त्याचं हे फळ.

त्यात आमची तीन मजली नावं. स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. ‘‘आदमी एक और नाम तीन?’’ असा प्रश्न आला. आईचं प्रकरण तर त्याहून खोल. १९६३ साली ती अमरावतीहून लग्न होऊन इथे आली, तेव्हा रीतीप्रमाणे तांदळाच्या ताटात अंगठीनं तिचं नवं नाव लिहिलं गेलं. शाळेच्या दाखल्यावर एक बाई, रेशनकार्डावर दुसरी बाई. कागदोपत्री पाहायचं तर बाबांनी दोन लग्नं केली होती, आणि पहिलीचा पत्ता लागत नव्हता.

हरिशंकर परसाई याच शहरात, नेपियर टाउनमध्ये राहिले. त्यांच्या ‘भोलाराम का जीव’ या कथेत घमापूर मोहल्ल्यातल्या एका पेन्शनराचा आत्मा फायलीत अडकून बसतो आणि त्याला शोधायला साक्षात नारदांना यावं लागतं. आमच्या शहरात फायलीत अडकण्याला अशी साहित्यिक प्रतिष्ठा आहे. मला फक्त नारद हवा होता. म्हणून मी मंडळात गेलो.

परगावच्या मराठी माणसाचं मंडळ म्हणजे काय, हे पुण्यातल्या माणसाला कळणार नाही. त्याला मंडळ म्हणजे गणपती आणि ढोलताशे. आमच्यासाठी मंडळ म्हणजे वधूवरसूचक केंद्र, भाड्याची खोली, मुलाच्या ॲडमिशनची चौकशी, कैरीचं लोणचं, भांडणाची हक्काची जागा आणि मोफत कायदा सल्ला. शेवटचं खातं फलकावर लिहिलेलं नसतं. ते आरती झाल्यावर, प्रसादाची रांग लागली की आपोआप उघडतं.

या खात्यात तीन प्रकारचे सल्लागार असतात. पहिले, खरे वकील. हायकोर्टाच्या गावात त्यांना काय तोटा? पण खरा वकील मंडळात आला की प्रसादाची वाटी चटकन घेतो आणि पाठ भिंतीला लावून उभा राहतो, म्हणजे मागून कुणी गाठायला नको. त्याला प्रश्न विचारला की तो म्हणतो, ‘‘कागद बघावे लागतील.’’ हे वाक्य म्हणजे वकिलाचा ‘पुन्हा भेटू’.

दुसरे, कोर्टातून निवृत्त झालेले. यांनी चाळीस वर्षं न्यायमूर्तींच्या खाली बसून काढलेली असतात, त्यामुळे निकाल तेच द्यायचे असा त्यांचा समज असतो. हे कायदा सांगत नाहीत, आठवणी सांगतात. २०१२ साली नागपूरचे शरद बोबडे इथे मुख्य न्यायमूर्ती म्हणून आले, आणि पुढच्याच वर्षी अजय खानविलकर आले. लागोपाठ दोन मराठी मुख्य न्यायमूर्ती! तेव्हा मंडळात असं वातावरण होतं की आता कुणावर खटला झाला तरी हरकत नाही. या दोघांशीही मंडळातल्या कुणाचं कधी बोलणं झालेलं नव्हतं. पण ‘आपले बोबडेसाहेब’ असा उल्लेख केल्याशिवाय आमच्याकडे कुणी साधा भाडेकरारही करत नसे.

तिसरे, आणि सर्वांत धोकादायक, स्वतःची केस लढलेले. असे एक काका आमच्याकडे आहेत. शेजाऱ्याच्या पन्हाळीवरून त्यांनी बावीस वर्षं दावा चालवला. शेजारी वारला, पन्हाळ गळून पडली, दावा चालू आहे. कायद्याचा अभ्यास त्यांचाच सगळ्यांत पक्का, कारण तो त्यांनी फी भरून केलेला आहे. त्यांनी माझे कागद पाहिले, डोळे मिटले आणि म्हणाले, ‘‘उत्तम केस आहे. तुझ्या नातवापर्यंत जाईल.’’

मग आला तो ठरलेला प्रश्न. ‘‘तिथे आपला कुणी आहे का?’’

मराठी माणूस कुठल्याही कार्यालयात शिरला की आधी नावांच्या पाट्या वाचतो. ‘कर’ दिसला की त्याला माहेर सापडतं. मंडळाच्या चिटणीसांनी मोठ्या आनंदानं बातमी आणली की त्या कार्यालयात वरच्या मजल्यावर कुणी एक ‘कर’ आहेत. आम्ही तिघं आवराआवर करून, तिळगूळ नव्हता म्हणून चकल्या घेऊन गेलो. चिटणीसांनी दारातूनच ‘‘नमस्कार साहेब, कुठले आपण?’’ अशी साद घातली. साहेब गोंधळले. पाटी नीट वाचली तर ते ताम्रकार निघाले. पिढ्यान्‌पिढ्यांचे इथलेच. चकल्या त्यांनी ठेवून घेतल्या. ‘‘बढ़िया हैं,’’ म्हणाले. नामांतरण होतं तिथेच राहिलं.

अध्यक्षांना हे लागलं. ते इतिहासाचे माणूस. ते स्वतः खिडकीवर आले आणि त्यांनी बजावलं की आम्हाला बाहेरचं समजू नका. १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडला घेतलं, पुढे हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे गेला, १८१७ मध्ये इंग्रज येईपर्यंत इथे आमचं राज्य होतं. खिडकीनं सगळं लक्षपूर्वक ऐकून घेतलं आणि हात पुढे केला. ‘‘ठीक है. उसका कागज़ ले आइए.’’

रात्री अमेरिकेतून लेकीचा फोन आला. तिला हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली, ‘‘बाबा, इथेही हेच आहे, फक्त रांग थंडीत असते.’’ तिकडेही मराठी मंडळं आहेत. त्यांची मिळून बृहन्महाराष्ट्र मंडळ ही संस्था १९८१ पासून आहे. आणि तिथल्या मंडळांतही पुरणपोळीच्या रांगेत व्हिसाचं कायदेमंडळ भरतं. कुणाचं ग्रीनकार्ड कुठे अडकलं, कुणाच्या वकिलानं किती घेतले, कुणाचा एच-वन कसा निसटला. तीन प्रकारचे सल्लागारही तेच. पन्हाळकाका तिथेही असतात, फक्त त्यांच्या दाव्याचं नाव ‘प्रायॉरिटी डेट’ असं असतं.

पण तिनं दोन गोष्टी सांगितल्या त्या मला नव्या होत्या. एक म्हणजे तिथल्या इमिग्रेशन कोर्टात माणसाला वकील लावायचा हक्क आहे, पण सरकारच्या खर्चानं नाही. पैसे असतील तर वकील, नाहीतर स्वतःच उभं राहायचं. म्हणून तिथे सामाजिक संस्थांना मान्यता देतात आणि त्या संस्थांतल्या वकील नसलेल्या, पण शिकून तयार झालेल्या माणसांना इमिग्रेशनचे अर्ज आणि खटले चालवायची रीतसर परवानगी मिळते. म्हणजे आपल्या पन्हाळकाकांना सरकारनं बिल्ला द्यावा तसं. फरक एवढाच की आधी त्यांची तयारी आणि चारित्र्य तपासतात.

दुसरी गोष्ट फसवणुकीची. मेक्सिको आणि दक्षिण अमेरिकेकडच्या देशांत ‘नोतारियो’ म्हणजे कायद्यातला मोठा जाणकार. अमेरिकेत ‘नोटरी’ म्हणजे फक्त सही समोर झाली याची साक्ष देणारा. गावाकडचा शब्द पाटीवर दिसला म्हणून बिचारे लोक आत जातात, ओंजळभर डॉलर ओततात आणि चुकीच्या अर्जानं आहे तोही आसरा घालवून बसतात. मला आजोबांचा हमाल आठवला. काय बड्डे?

इथे जरा हसू बाजूला ठेवतो. आमचं ‘ळ’चं दुखणं लाडाचं होतं. घर होतं, पेन्शन होती, फक्त अक्षर नव्हतं. पण आमच्याच विदर्भातून इथल्या कारखान्यांत आणि रेल्वेत आलेली अशीही घरं आहेत, ज्यांचं जातीचं प्रमाणपत्र राज्याची हद्द ओलांडली की दुबळं होतं. १९९० साली सुप्रीम कोर्टानं मर्री चंद्रशेखर राव यांच्या खटल्यात सांगितलं की अनुसूचित जात-जमातीचा दर्जा त्या त्या राज्यापुरता आहे. माणूस दुसऱ्या राज्यात गेला म्हणून तो दर्जा तिथे आपोआप लागू होत नाही. तो खटला आंध्रातून मुंबईत आलेल्या मुलाच्या मेडिकलच्या प्रवेशाचा होता. देशाचा नागरिक कुठेही राहू शकतो, हे घटनेच्या एकोणिसाव्या कलमात आहे. पण त्याचं दुःख कुठेही राहायला गेलं तरी त्याच्याबरोबर जातं आणि त्या दुःखावरचा इलाज मात्र मागेच राहतो. आमच्या मंडळात या विषयावर प्रसादाच्या रांगेत फारसं कुणी बोलत नाही. का, ते मी सांगायला नको. आणि मंडला-दिंडोरीकडची जी माणसं डोक्यावर गाठोडी घेऊन आमच्याच स्टेशनावरून नागपूर-मुंबईच्या गाड्यांत चढतात, त्यांना तिकडे कुठलं मंडळ आहे?

शेवटी नारद मिळाला तो घरातच. आई. तिनं आठ दिवस माझी धावपळ पाहिली आणि नवव्या दिवशी विचारलं, ‘‘घर कुणाच्या नावावर करायचंय?’’ म्हटलं, तुझ्या आणि माझ्या. ‘‘मग मला का नेत नाहीस?’’

वर्तमानपत्र ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचते, निविदासूचनांसकट. त्यातूनच तिला ठाऊक होतं की विधिक सेवा प्राधिकरण नावाचं एक खातं आहे, साऱ्या मध्य प्रदेशाचं त्याचं मुख्य कार्यालय आमच्याच शहरात आहे, आणि जिल्ह्याचं कार्यालय जिल्हा कोर्टाच्या आवारात. १९८७ चा कायदा, १९९५ पासून लागू. त्यातल्या बाराव्या कलमात फुकट वकील कुणाला मिळतो त्याची यादी आहे: अनुसूचित जाती-जमातीचे लोक, कामगार, कोठडीतले, अपंग, आपत्तीत सापडलेले, कमी उत्पन्नाचे. आणि स्त्रिया व मुलं. स्त्रीला उत्पन्नाची अट नाही. फोन करायचा तर १५१०० हा नंबर. हे सगळं आमच्या घरापासून रिक्षानं वीस मिनिटांवर होतं. पण मंडळातल्या एकाही सल्लागारानं त्याचं नाव काढलं नव्हतं, कारण तिथे आपला कुणी नव्हता. शिवाय फुकट मिळणाऱ्या सल्ल्याची आम्हाला शंका येते. मंडळातला सल्लाही फुकटच असतो, पण तो निदान चुकीचा तरी खात्रीनं असतो.

‘‘यादीत मुलंही आहेत,’’ आई म्हणाली. ‘‘तुझं काम तसंही झालं असतं.’’

गेलो. टेबलाशी एक पंचविशीतली मुलगी होती. वकील नव्हे, पॅरालीगल स्वयंसेवक. २००९ पासून अशी माणसं तयार करतात: गावातलीच, थोडं शिकवलेली, कायदा आणि माणूस यांच्या मधल्या पायरीवर बसणारी. ही मंडल्याकडची होती. तिच्या नावात ‘कर’ नव्हता, इतिहासात भोसले नव्हते. उलट इतिहासच काढायचा तर आमच्या अध्यक्षांनी १७८१ मध्ये तिचंच राज्य घेतलं होतं. तिनं तो मुद्दा काढला नाही. तिनं आईला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, ‘‘काय अम्मा, का हो गओ?’’

या ‘काय’मध्ये मात्र फसवणूक नव्हती.

आईनं सगळं सांगितलं. अमरावती, अंगठी, तांदूळ, दोन नावं, पाच आडनावं. मुलगी हसली नाही. तिनं एका कागदावर दोन रकाने आखले आणि कुठल्या कागदावर कोणतं नाव आहे ते तारखेनिशी लिहून काढलं. मंडळाच्या साठ वर्षांच्या कायदेशीर कारकिर्दीत हे कुणाला सुचलं नव्हतं. मग ती म्हणाली की घाबरायचं कारण नाही. ही सगळी नावं एकाच माणसाची आहेत असं शपथपत्र करायचं, हा तक्ता त्याला जोडायचा, वारसांची माहिती द्यायची, आणि खिडकीनं तरीही अडवलं तर आमचे वकील अम्मांच्या वतीनं उभे राहतील. एकूण वेळ पाऊण तास. त्यातली पंधरा मिनिटं आईनं तिला घरी कोण-कोण असतं हे विचारण्यात घालवली.

आता शपथपत्र टाइप करायचं. ‘‘अम्मा, सही नाम कौन-सा रखें?’’

आईनं पेन घेतलं आणि कागदावर ठसठशीत लिहिलं: मुळे. मुलीनं त्या अक्षराकडे पाहिलं, संगणकाकडे पाहिलं. ‘‘ये वाला तो होगा नहीं इसमें,’’ असं पुटपुटत ती कीबोर्डवर शोधू लागली. मी मनातून ‘ल’पुढे मान तुकवली होती. तेवढ्यात ती ‘‘अरे!’’ म्हणाली. पडद्यावर आडवा आठ उमटला होता. तो कुठे दूर नव्हताच. ‘ल’च्याच बटणावर होता. शिफ्ट दाबलं की येतो.

‘‘घ्या,’’ आई म्हणाली. ‘‘शिफ्ट झालो तेव्हा गेला होता.’’

नामांतरण झालं, पुढच्या चार महिन्यांत. खिडकीवरच्या गृहस्थांनी शेवटचा कागद देताना ‘ळ’वर बोट ठेवून विचारलं, ‘‘इसको बोलते कैसे हैं?’’ मी म्हणून दाखवलं. त्यांनी तीनदा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा जीभ बरीच जवळ गेली होती.

मंडळात मी रीतसर पेढे वाटले आणि विधिक सेवेचा पत्ता, नंबरासकट, फळ्यावर लिहिला. पन्हाळकाकांनी तो दोनदा वाचला. ‘‘पण तिथे आपला कोण आहे?’’ त्यांनी विचारलं.

‘‘एक मुलगी आहे,’’ म्हटलं. ‘‘मंडल्याची.’’